तालीम मनाचीही

(कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक नावाचा एक किरकोळ देहयष्टीचा विद्यार्थी दाखल झाला. शरीर साथ देणार नसेल तर पुढे कोणतेही मोठे कार्य आपल्या हातून होणार नाही, हे त्याने ओळखले आणि महाविद्यालयातील पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचे ठरवले. व्यायाम, कुस्ती, पोहणे यांतच त्याचा दिवस जाऊ लागला. त्यापायी परीक्षेचे नुकसान झाले, तेही त्याने सोसले. ही गोष्ट आपल्या घराघरांतून मुलांना सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे.

परंतु त्याच टिळकांची दुसरी तालीम मात्र फारशी सांगितली जात नाही. १९०८ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी करण्यात आली. मधुमेहाने शरीर पोखरलेले, लाकडी खोलीत उन्हाळ्याची काहिली आणि आप्तस्वकीय शेकडो कोस दूर. अशा स्थितीत त्यांनी दिनक्रम आखून घेतला आणि तो पाळला. वाचन, चिंतन, लेखन यांच्या वेळा ठरल्या. उतारवयात जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा खर्डा पेन्सिलीने लिहून पूर्ण झाला. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ता त्यांना त्याच खोलीत सोसावी लागली. १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा शरीर थकले होते, परंतु दोनच वर्षांत हा पुरुष होमरूलच्या चळवळीत पुन्हा आघाडीवर उभा होता. तरुणपणी कमावलेल्या शरीराइतकेच, दिनक्रमाने सांभाळलेले मनही त्यांच्या कामी आले.

मन हीदेखील तालमीत घडवण्याची वस्तू आहे, आणि ती तालीम संकट येण्यापूर्वी सुरू व्हावी लागते, हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

अभ्यास म्हणजे काय?

कुरुक्षेत्रावरील अर्जुनाचे वर्णन आठवावे. त्याचे अवयव गळून गेले, तोंडाला कोरड पडली, शरीराला कंप सुटला, गांडीव हातातून निसटू लागले. आजच्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने पराकोटीच्या चिंतेची लक्षणे लिहिली, तर ती यापेक्षा फारशी वेगळी नसतील. ज्याच्या शौर्याविषयी कोणालाही शंका नव्हती, अशा योद्ध्याची ही अवस्था झाली. पुढे सहाव्या अध्यायात, मन आवरणे वाऱ्याला बांधण्याइतके कठीण आहे, अशी तक्रार तोच करतो. भगवंत ती तक्रार खोडून काढीत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करून ते उपाय सांगतात, तो अभ्यासाचा आणि वैराग्याचा.

हा ‘अभ्यास’ म्हणजे पुस्तक घेऊन बसणे नव्हे. पतंजलींनी त्याच्या तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा. कोणत्याही तालमीतल्या वस्तादाला विचारले तर तोही हेच सांगेल. एका दिवसात पाचशे जोर काढणाऱ्याचे अंग दुसऱ्या दिवशी धरते आणि तिसऱ्या दिवशी तो तालमीकडे फिरकत नाही. रोज पंचवीस जोर काढणारा मात्र वर्षभराने वेगळाच दिसू लागतो. वर्षातून एकदा दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन यायचे आणि उरलेले वर्ष मोकळे सोडायचे, हा मनाच्या बाबतीत तसाच प्रकार होय.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेला सवयींविषयीचा अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी साधी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यात आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने घडी मोडत नाही, असेही त्यातून दिसले. म्हणजेच आठ दिवसांत ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्याने परीक्षा मनाची घेतलेली नसते, स्वतःच्या उतावळेपणाची घेतलेली असते.

अंदमानातील अग्निदिव्य

या विषयाचे सर्वांत प्रखर उदाहरण अंदमानच्या कारागृहात सापडते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ च्या जुलैमध्ये तेथे पोहोचले तेव्हा त्यांचे वय होते अवघे २८. शिक्षा होती दोन जन्मठेपेची, पन्नास वर्षांची. कोलूला जुंपून दिवसाकाठी तीस पौंड तेल काढायचे आणि रात्री एकांत कोठडी. लेखनसाहित्यास बंदी. त्या स्थितीत त्यांनी काव्यरचनेला दिनक्रमाचे रूप दिले. काट्याने, खिळ्याने भिंतीवर ओळी कोरायच्या, त्या मुखोद्गत करायच्या आणि भिंत पुसली गेली तरी मनात पुन्हा पुन्हा घोळवायच्या. ‘कमला’ हे काव्य तेथे आकाराला आले.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु ‘माझी जन्मठेप’मध्ये सावरकरांनी आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहे. कोलूच्या त्या यातनांत जीवनाचा अंत करावा असा विचार त्यांच्याही मनात आला होता. त्या रात्री त्यांच्या मनाचा आणि विवेकाचा झगडा झाला आणि विवेकाने बाजू सावरली. एवढ्या मोठ्या पुरुषाने ही गोष्ट लपवली नाही. मग आपण ती का लपवावी?

त्याच कारागृहातील बंगालचे क्रांतिकारक इंदुभूषण रॉय यांनी १९१२ साली यातना असह्य होऊन स्वतःचे जीवन संपवले. उल्हासकर दत्त यांचे मानसिक संतुलन ढळले आणि त्यांना मद्रासच्या मनोरुग्णालयात हलवावे लागले. फासाच्या दोराला न भिणाऱ्या या माणसांना भित्रे म्हणण्याचे धाडस कोण करील? शरीर कितीही कमावलेले असले तरी त्यावर प्रमाणाबाहेर भार पडला की हाड मोडते. मनाचेही तसेच आहे. अभ्यासाने मनाची भार सोसण्याची शक्ती वाढते, परंतु ते अभंग होत नाही. हे भान सुटले की ‘मनोबल’ हा शब्द दुसऱ्याला दोष देण्याचे साधन बनतो.

रोजची चार आवर्तने

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्व मिळून अर्ध्या तासात बसेल एवढाच हा क्रम आहे.

पहिले आवर्तन श्वासाचे. प्रातःकाळी पाच-सात मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवावा. सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, शरीराला विसाव्याचा संदेश मिळतो. श्वास मात्र बळजबरीने रोखू नये.

दुसरे आवर्तन एकाग्रतेचे. नामजप असो वा श्वासावरचे लक्ष, मन भटकणारच. अनेकांना वाटते की मन भटकले म्हणजे साधना फसली. वस्तुतः मन भटकल्याचे ध्यानात येणे आणि त्याला परत आणणे, हाच येथला व्यायाम आहे. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत आणले तर पन्नास जोर झाले असे समजावे.

तिसरे आवर्तन विचारांच्या झडतीचे. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकातून ती मराठी घरांपर्यंत नेली. तिचे सार असे की, घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली अट्टाहासी धारणा अधिक पोळते. मुलाला कमी गुण मिळाले, ही घटना. ‘त्याला गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही’, ही धारणा. रात्री वहीत दिवसभरातील एक खुपणारी घटना लिहावी, शेजारी आपली धारणा लिहावी आणि ‘हे खरेच असे आहे का?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा.

चौथे आवर्तन माणसांचे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि दुष्टाविषयी उपेक्षा, असा चित्तप्रसादाचा मार्ग पतंजलींनी सांगितला आहे. घरात याचा आरंभ रात्रीच्या जेवणापासून करता येईल. त्या अर्ध्या तासात दूरदर्शन संच बंद, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत आणि प्रत्येकाने दिवसातील एक चांगली व एक अवघड गोष्ट सांगायची. वडिलांनीही सांगायची. वडील आपली अडचण बोलून दाखवतात हे मुलाने पाहिले, तर उद्या त्याचेही तोंड उघडेल.

तालीम आणि उपचार

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. यामागे डॉक्टरांची कमतरता आहे, तशीच लोकलज्जाही आहे.

पाय मोडलेल्या माणसाला कोणी बैठका काढायला सांगत नाही. मग आठवडेच्या आठवडे झोप नसलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या, जगणे नकोसे झालेल्या माणसाला ‘ध्यान कर, सगळे ठीक होईल’ असे सांगणे कितपत योग्य? त्याला प्रथम वैद्यकीय साहाय्य हवे, औषध हवे असेल तर औषध हवे. चरकाचार्यांनीही मनाला आवर घालण्याच्या सत्त्वावजय चिकित्सेबरोबर औषधोपचाराची युक्तिव्यपाश्रय चिकित्सा सांगितलीच आहे. शासनाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे अहोरात्र बोलता येते. तो प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

‘तो का आला नाही?’

१९२५ च्या विजयादशमीला नागपुरात डॉक्टर हेडगेवारांनी जे कार्य आरंभले, त्याचा पाया पुढे रोजच्या एका तासाच्या शाखेने घातला. मोठमोठ्या परिषदा भरवणे त्या काळी काही नवे नव्हते. परंतु संस्कार नित्यतेने होतो, हे त्यांनी हेरले होते. त्या पद्धतीत आणखी एक साधी प्रथा आहे. एखादा स्वयंसेवक चार दिवस दिसला नाही की कोणीतरी त्याच्या घरी जाते. या प्रथेचे मोल आज अधिकच वाढले आहे. मात्र त्या घरी गेल्यावर ‘का आला नाहीस?’ असे दरडावण्यापेक्षा ‘कसा आहेस?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ‘मन खंबीर कर’ म्हणून पाठीवर थाप मारून निघून येऊ नये. चहा घ्यावा, ऐकून घ्यावे, गरज वाटल्यास त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

उद्या सकाळी सूर्यनमस्कार झाल्यावर घाम टिपत लगेच उठू नका. सात मिनिटे तेथेच बसा. आणि या आठवड्यात, बरेच दिवस न दिसलेल्या एका तरी माणसाच्या घरी जाऊन या.