मोरीचं पाणी आणि दारचं लिंबू



बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपले की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, दारचं लिंबू सात वर्षांचं झालं. पाला गच्च, फळ एक नाही. घरचे म्हणतात, वांझ आहे, तोडून टाकू." मैत्रिणींनो, कुऱ्हाड लावण्याआधी एवढंच बघा, मोरीचं पाणी कुठे जातं?

बऱ्याच घरी ते त्याच झाडाच्या बुडात मुरतं. बारा महिने ओल. मग झाड नुसता पाला वाढवतं, फुलायचं नाव घेत नाही. थंड मुलखात कडक हिवाळा झाडांना झोपवतो. आपल्याकडे थंडी बेताची. म्हणून लिंबू, पेरू, डाळिंब यांना पाणी तोडून विश्रांती द्यावी लागते. बागायतदार याला 'ताण देणं' म्हणतात. ताणानंतर फुलोरा येतो, तो बहार.

लिंबाचं असं करा. डिसेंबर लागला की पाणी बंद. मोरीचं पाणी चर काढून दुसरीकडे वळवा. तिथे केळ लावा, तिला ओल हवीच असते. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने ताण लागतो. पानं मलूल, पिवळट होऊन थोडी गळू लागली की ताण पुरे. त्यापुढे ताणू नका. मग आळ्यातली माती वरवर हलवा, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. पहिलं पाणी हलकं, मग हळूहळू वाढवा. एकदम भरपूर दिलं तर फुलं गळतात. हा आंबे बहार. याची लिंबं पावसाळ्यात हाती येतात.

पेरूचं पाणी एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत तोडा. फांद्यांचे शेंडे थोडे छाटा, कारण पेरूला फळ नव्या फुटीवर येतं. मृगाच्या पावसावर फुलं, हिवाळ्यात गोड पेरू.

लहान रोपांना मात्र ताण देऊ नका. बियांपासून लावलेलं लिंबू फळाला पाच-सहा वर्षं घेतंच.

मोठ्या झाडाला वर्षाला शेकडो लिंबं लागतात. घरचं सरबत भागून लोणचं घालता येतं, आठवडे बाजारातही विकता येतं. तेव्हा झाडाला वांझ म्हणू नका. तो शब्द आपण बायकांनी तर कुणालाच लावू नये. येत्या बैठकीला येताना आपापल्या मोरीचं पाणी कुठे जातं, ते बघून या.