ऐरणीची बैठक



‘प्रश्न ऐरणीवर आला’ असे आपण वर्तमानपत्रांतून नेहमी वाचतो. पण ऐरण स्वतः कशावर असते, हे कोणी विचारीत नाही. आज त्याच विषयावर मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

घराच्या पडवीत लहानशी भट्टी मांडून सुऱ्या, खुरपी, कड्याकोयंडे घडविण्याची हौस असलेली माणसे शहरांतूनही आढळतात. तयार ऐरण महाग पडते, म्हणून ती रेल्वेच्या रुळाचा तुकडा पैदा करतात. निवड चांगली आहे. रुळाच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारणपणे शेकडा ०.६ ते ०.८ असते, आणि ते वर्षानुवर्षे घाव सोसते. मात्र तो तुकडा भंगारवाल्याकडून रीतसर पावती घेऊनच आणावा. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मीटरला ५२ किलो वजनाच्या रुळाचा एक फूट तुकडा सुमारे १६ किलो भरतो. त्यावर एक किलोचा हातोडा चालवला, आणि तापलेल्या मऊ लोखंडावरून तो उसळला नाही असे धरले, तर शक्तीचा सुमारे सतरावा हिस्सा ऐरण हलविण्यात खर्च होतो. ऐरण चारच किलोची असती, तर पाचवा हिस्सा वाया गेला असता. कोणी म्हणेल, सतरावा हिस्सा म्हणजे काय मोठासा तोटा? मग बैठकीची एवढी यातायात कशाला?

तोटा शक्तीचा नाही, नेमाचा आहे. मोकळी ऐरण प्रत्येक घावासरशी तसूभर सरकते. दुसरा घाव तिरपा बसतो, जिन्नस पिळवटतो, आणि सांडशीतला लालभडक तुकडा निसटला तर पायावर येतो. लोखंड घडण्याजोगे लाल राहते ते थोडाच वेळ. तेवढ्यात एक डोळा कामावर आणि दुसरा ऐरणीवर ठेवून भागत नाही. हात निर्धास्त चालावा, यासाठी ऐरण स्थिर हवी.

आता ती बसवावी कशी? बहुतेक जण रूळ आडवा ठेवतात. पण या रुळाची मधली उभी पट्टी अवघी साडेपंधरा मिलिमीटर जाडीची असते. टोकाशी किंवा कडेला घाव पडला की आडवा रूळ स्प्रिंगसारखा लवतो. तोच तुकडा उभा केला, तर सगळे वजन थेट घावाखाली येते. वरची जागा लहान होते खरी. रुळाचे डोके ६७ मिलिमीटरच रुंद. पण सुरी-खुरप्याच्या कामाला ती पुरते. वरचे तोंड घासून सपाट करावे आणि धारदार कडा किंचित गोल कराव्यात, म्हणजे त्यांची कपची उडणार नाही. तरीही काम करताना डोळ्यांना चष्मा असावाच.

उभा रूळ कलंडणार, हे उघड आहे. म्हणून बाभळीचा जाड, वाळलेला ओंडका घ्यावा. त्याच्या शिरा उभ्या राहतील असा तो ठेवावा. आडव्या शिरांचे लाकूड घावाखाली चेपते. त्यात रुळाच्या आकाराची खाच कोरून निम्मा रूळ आत उतरवावा आणि फटींत लाकडी पाचरी ठोकाव्यात. एरवी पाचर मारणाऱ्याला आपण नावे ठेवतो. इथे तीच उपकार करते. ओंडक्याला चीर पडू नये म्हणून बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी लोखंडी धाव तापवून चढवावी. निवताना ती आवळून बसते. ओंडक्याचा तळ मधून कोरून तीन ठिकाणीच जमिनीला टेकवावा. तिवई डगमगत नाही, त्याचेच हे तत्त्व.

उंची किती, असे विचाराल, तर ती पुस्तकात नाही, आपल्या हातात आहे. सरळ उभे राहून हात खाली सोडावा. मुठीची पेरे जिथे येतील, तिथे ऐरणीचे तोंड असावे. आपल्याकडचे घिसाडी ऐरण जमिनीलगत रोवतात, कारण त्यांच्यात पुरुष बसून सांडशी धरतो आणि स्त्री उभी राहून घण घालते. त्यांची उंची त्यांच्या कामाची आहे, आपली आपल्या कामाची. दोन्ही बरोबर.

शेजारधर्माचीही गोष्ट आहे. वरच्या मजल्यावर हा उद्योग मांडू नये. तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवरच मांडावा. ऐरण घणघणत असेल, तर तिच्याभोवती साखळी गुंडाळावी. नाद पुष्कळ मरतो. आणि बैठक पक्की झाली की नाही, हे कानच सांगतात. घावाखाली खडखड ऐकू आली, तर पाचर सैल आहे असे समजावे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून वैशाखात पाचरी एकदा तपासाव्यात.

यातले पुष्कळसे आपल्या गावच्या लोहाराला न शिकवता ठाऊक आहे. अशी लोहारशाळा जवळपास चालू असेल, तर हौशी माणसाने रूळ विकत घेण्याआधी तिथे एक सकाळ घालवावी, आणि ऐरणीकडे पाहून झाल्यावर तिच्या ओंडक्याकडेही नीट पाहावे.