घर कुठे घ्यायचं?
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं ना दलाल, ना बिल्डर. एक जण बँकेतून निवृत्त, दुसरी शाळेतून. रामबागेतलं वडिलोपार्जित घर भावाभावांत ठरवून विकलं आणि हातात आलेली रक्कम कुठे घालायची, म्हणून दीड वर्ष आम्ही इंदूरभर घरं पाहत हिंडलो. आपल्यातल्या बऱ्याच घरांत आज हाच विषय चालू आहे, म्हणून मंडळानं आम्हाला उभं केलं.

आधी एक कबुली. नव्वदच्या दशकात आम्ही शहराच्या पश्चिमेला एक प्लॉट घेतला होता. हप्त्यांच्या पावत्या आहेत, नोटरीचा करारनामा आहे, रजिस्ट्री मात्र नाही. पुढे कळलं, जमीन शेतीची, डायव्हर्शन झालेलं नाही आणि खात्यावर भलत्याचंच नाव. विकणाऱ्याचं नाव इथे घेत नाही. तो प्लॉट आजही आमच्या कपाटातल्या फाईलमध्येच आहे. एक जण बँकेत कर्जाचे कागद तपासत होता, तरी हे झालं, कारण ओळखीतून आलेल्या माणसाला कागद मागायला संकोच वाटला.

म्हणून या वेळी भाव शेवटी विचारायचा, असं ठरवलं.

जुन्या भागापासून सुरुवात केली. रामबाग, नारायणबाग इथे जागेला किंमत आहेच. राजवाडा जवळ, सगळं पायी. पण वारस अनेक, एखादा जुना भाडेकरू, नामांतरण आजोबांच्या नावावरच थांबलेलं. एका घरासाठी सात जणांच्या सह्या लागणार होत्या, त्यातले दोघे परदेशात. गाडी लावायची कुठे, हा प्रश्न निराळाच.

मग मुलाच्या आग्रहानं पूर्वेला गेलो. विजयनगर, म्हणजे स्कीम ५४, आमच्या आवाक्याबाहेर होतं. विकास प्राधिकरणाच्या स्कीममध्ये रस्ते, बगीचे आखलेले असतात हे खरं, पण प्लॉट लीजवर आहे की फ्रीहोल्ड, आणि लीजचं भाडं भरलेलं आहे का, हे पाहावंच लागतं. निपानिया, बिचोली मर्दाना, बायपास इथले फ्लॅट दिसायला देखणे. पण सुपर बिल्टअपचा आकडा ऐकून खूश होऊ नका, कार्पेट किती ते विचारा. आणि पाण्याचं बिल्डरला विचारू नका. आम्ही मे महिन्यात सकाळी सातला जाऊन गेटवरच्या चौकीदाराला विचारलं, काल टँकर किती आले? एका ठिकाणी तो म्हणाला, "चार, साहेब." ऑफिसमधल्या मुलीनं नर्मदेचं पाणी आहे म्हणून सांगितलं होतं. १९७८ साली जलूदहून नर्मदा इंदुरात आली, त्याआधीचे दिवस इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. त्यांना टँकरचं वेगळं सांगायला नको.

सुपर कॉरिडॉरही पाहिला. टीसीएस, इन्फोसिस तिथे आहेत, ३१ मे २०२५ पासून मेट्रोचा पहिला टप्पाही तिथेच धावतो. पुढे भाव वाढेल, नाही असं नाही. पण दहा वर्षं थांबू शकणाऱ्याची ती जागा. सत्तरीकडे झुकलेल्या आमच्यासारख्यांनी रात्री औषध आणायला कुठे जायचं?

आता खरं भांडण झालं ते सांगतो. मुलाला बायपासपलीकडे एक प्लॉट आवडला, भाव बाजारापेक्षा बराच कमी. कारण विचारलं तर, "अजून परवानग्या यायच्या आहेत, सध्या डायरीवर देतोय." आपल्या इंदूरला डायरी काय ते समजावून सांगायला नको. पैसे द्यायचे, समोरचा डायरीत नोंद करतो, रजिस्ट्री मागाहून. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते, त्यात नोंदणीआधी बुकिंग घेता येत नाही. आणि विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही. मुलगा म्हणाला, "सगळेच घेतात, बाबा." तेव्हा हिनं कपाटातून ती जुनी फाईल काढून त्याच्यापुढे ठेवली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच त्या माणसाला रेरा नंबर विचारला. पुन्हा फोन आला नाही.

शेवटी पश्चिमेकडेच वळलो. लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर. इथे भाव पूर्वेसारखा उसळत नाही, आणि आपली माणसं आहेत म्हणून डोळे मिटून घ्यावं असंही नाही. आमची फसवणूक याच बाजूला झाली. पण गल्लीत चार घरी विचारलं, की गेल्या दोन-तीन वर्षांत इथे किती घरं विकली गेली, किती दिवसांत, आणि घेणारा राहायला आला का. ज्या गल्लीत घेणारा राहायला येतो, तिथे उद्या आपलंही विकलं जाईल. कलेक्टर गाइडलाइनचा आकडा स्टॅम्पड्यूटीसाठी; बाजार कळतो तो या चार घरांतून. शिवाय जुन्या फ्लॅटची इमारत झिजते आणि जमिनीतला वाटा असतो बोटभर, स्वतंत्र घराखालची जमीन आपली.

राजेंद्रनगरच्या बाजूला एक जुनं, ओटला असलेलं दुमजली घर घेतलं. कर्जाची गरज फारशी नव्हती, तरी थोडं घेतलं, म्हणजे बँकेचा वकील कागद आपोआप तपासतो. त्यानं एक जुनी गहाणाची नोंद शोधून काढली. विकणाऱ्यांनी ती रद्द करून दिल्यावरच रजिस्ट्री झाली. मुलाला ऑफिसला जायला पाऊण तास लागतो आणि तो अजून अधूनमधून कुरकुरतो.

ज्यांचा व्यवहार चालू आहे त्यांनी रविवारी संध्याकाळच्या आरतीनंतर कागदांच्या झेरॉक्स घेऊन यावं. आम्ही दोघं बसलेले असू, चष्मा लावून. टोकन द्यायच्या आधी या, एवढंच.