हरवलेले मॉड्यूल, न जुळणारी आवृत्ती

पायथन या संगणकभाषेत लिहिलेले एखादे वेब-सॉफ्टवेअर सुरू होता होता ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ असा संदेश देऊन थांबते, तेव्हा ते मॉड्यूल खरोखर हरवलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते त्याच संगणकावर सुखरूप असते, फक्त त्याचा शोध घेणारा पायथन दुसराच असतो. मॉड्यूल म्हणजे इतर प्रोग्रॅमने आयात करून वापरावी अशी कोडची फाइल किंवा अशा फाइलींचा संच. आणि पायथन ते सबंध संगणकावर धुंडाळत बसत नाही, तर ठरावीक फोल्डरांच्या यादीपुरतेच पाहतो आणि यादी संपली की ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने उभे केलेले ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, मालसाठा आणि खरेदी-विक्री सांभाळणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या बाबतीत चांगला दाखला ठरते. त्याच्या २०२२ साली आलेल्या १४व्या आवृत्तीत कर्मचारी व पगाराचा विभाग ‘एचआरएमएस’ या वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचा भाग ‘पेमेंट्स’ या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये. सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्याने १३व्या आवृत्तीवरून थेट तिथे उडी घेतली आणि ही अ‍ॅप सोबत आणली नाहीत, तर कालपर्यंत चालणारे काम आज ‘पेमेंट्स नावाचे मॉड्यूल नाही’ म्हणून अडू शकते. मॉड्यूल बिघडलेले नसते, त्याने बिऱ्हाड हलवलेले असते.

अशा वेळी संदेशातले नाव उचलून पॅकेज, म्हणजे बसवता येईल असा मॉड्यूलांचा गठ्ठा, बसवणाऱ्या ‘पिप इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे टंकण्याचा मोह होतो, आणि तो बहुधा घातक असतो. फ्रॅपेची सारी व्यवस्था पाहणारे ‘बेंच’ हे साधन आपल्यापुरते आभासी वातावरण, म्हणजे इतरांपासून अलग ठेवलेला पायथन आणि त्याची पॅकेजे, ‘एन्व्ह’ नावाच्या फोल्डरात राखते. साध्या टर्मिनलवरून बसवलेले पॅकेज यंत्रणेच्या मूळ पायथनकडे जाते आणि बेंचला ते दिसतही नाही. शिवाय पॅकेजचे नाव आणि मॉड्यूलचे नाव एकच असते असेही नाही: ‘पिलो’ बसवावे लागते, पण आयात करताना ‘पीआयएल’ म्हणावे लागते. पायथनच्या सार्वजनिक भांडारात कोणालाही मोकळे नाव घेऊन पॅकेज ठेवता येत असल्यामुळे अंदाजाने टंकलेल्या नावामागे भलताच, प्रसंगी घातपाती कोडही निघतो.

‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ हा संदेश दिसायला सारखा असला तरी त्याचा अर्थ निराळा आहे: मॉड्यूल सापडले, पण त्यात अपेक्षित नाव नाही, आणि बहुतेक वेळा तो आवृत्त्यांचा बेबनाव असतो. २०२३च्या सप्टेंबरअखेरीस वर्कझोइग या पॅकेजची ३.० आवृत्ती आली आणि तिने ‘यूआरएल कोट’ हे जुने फंक्शन काढून टाकले, तेव्हा वर्कझोइगवर विसंबणाऱ्या फ्लास्क या वेब-चौकटीच्या २.२ आवृत्तीवर उभी असलेली अनेक संकेतस्थळे नव्याने बसवताना कोसळली, कारण त्या फ्लास्कने वर्कझोइगची किमान आवृत्ती सांगितली होती, कमाल मर्यादा घातली नव्हती. सोलापूरच्या विणकराला हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण एका हुकसंख्येच्या जकार्डसाठी भोके पाडलेली पत्त्यांची माळ दुसऱ्या हुकसंख्येच्या यंत्रावर चढवली तर नक्षी उतरत नाही, यात दोष ना माळेचा ना मागाचा. खुद्द पायथनही जुने सामान टाकून देतो: ‘डिस्टयूटिल्स’ हे मॉड्यूल ३.१२ या आवृत्तीतून गेले, त्यामुळे त्यावर विसंबलेली अनेक जुनी पॅकेजे तिथे अडतात.

म्हणून तपास संदेशाच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करावा, नंतर कोणता पायथन चालू आहे ते त्यालाच विचारावे, आणि मग आवृत्त्या ताडून पाहाव्यात. ईआरपीनेक्स्टच्या १४ व १५ या आवृत्त्यांना पायथन किमान ३.१० लागतो, आणि ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभे आहे ती फ्रॅपे याच नावाची चौकट व ईआरपीनेक्स्ट हे दोन्ही एकाच क्रमांकाच्या शाखेतले, म्हणजे कोडच्या एकाच आवृत्तीच्या प्रवाहातले, असावे लागतात. शाखा न सांगता अ‍ॅप मागवले तर काम चालू असलेल्या ‘डेव्हलप’ शाखेतला कोड येतो आणि भांडण तिथेच सुरू होते. आवृत्ती बदलताना चालवावी लागणारी ‘मायग्रेट’ ही आज्ञा डेटाबेसमधील तक्त्यांची रचनाच बदलते, आणि जुना कोड परत आणला तरी जुने तक्ते आपोआप परत येत नाहीत, त्यामुळे डेटाबेसची प्रत त्या आज्ञेच्या आधीच काढून दुसऱ्या संगणकावर ठेवावी लागते.