तबकडी कुठून आणायची?



गाण्याची तबकडी घ्यायची तर दुकानात जाऊन घ्यावी की मोबाईलवरून मागवावी, यावर हल्ली पुण्या-मुंबईच्या शौकीन मंडळींत चांगलाच वाद रंगतो. पंचवीस वर्षांपूर्वी तबकडी संपली असेच सगळे धरून चालले होते. ती परत आली. अमेरिकेत 2022 साली तबकड्यांच्या विक्रीचा आकडा सीडींच्या पुढे गेला, तोही 1987 नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडेही जुन्या हिंदी चित्रपटांचे लाँगप्ले पुन्हा निघू लागले आहेत. हा वाद जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावातून कसा दिसतो, ते आज सांगावे म्हणतो.

पहिली गोष्ट म्हणजे, आमच्या गावात तबकड्यांचे दुकान असे नव्हतेच. आठवडी बाजारात बैलांच्या घुंगरमाळांपासून बांगड्यांपर्यंत सगळे मिळायचे, पण तबकडी नाही. त्यासाठी एस.टी.ने अंबड आणि पुढे जालना गाठायचे, किंवा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जायचे. एवढा खर्च गाण्यासाठी कोण करणार? आमच्यासाठी तबकडी यायची ती लग्नाच्या मांडवात, लाऊडस्पीकरवाल्याच्या पत्र्याच्या पेटीतून.

लिंबाच्या फांदीला भोंगा बांधला की पोरे त्या पेटीभोवती गोळा व्हायची. पहाटे भक्तिगीते, हळदीच्या वेळी शाहीर साबळे आणि प्रल्हाद शिंदे, वरात निघाली की चित्रपटांची गाणी. आमच्या मोहल्ल्यात लग्न असले किंवा उरूस असला, की कुणी न सांगताही कव्वालीच्या तबकड्या वर यायच्या. कोणाच्या दारात काय लावायचे, हे त्या माणसाला पाठ होते. कव्हरावर त्याने बॉलपेनने गावांची नावे लिहून ठेवलेली असत. कोणत्या गावात कोणते गाणे दोनदा लावायला सांगितले, याची ती नोंद होती. चांगला दुकानदार म्हणजे काय, ते मी तिथे पाहिले. समोरच्या माणसाकडे बघून तबकडी काढणारा, तो चांगला दुकानदार.

शहरात असे दुकानदार होते. मुंबईत काळा घोड्याजवळ ऱ्हिदम हाऊस होते. घेण्याआधी गाणे ऐकून बघायची तिथे सोय होती. ते 2016 साली बंद झाले. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांचे ढीग आजही चाळता येतात. दुकानात तबकडी हातात येते. ती उजेडाकडे तिरपी धरली की ओरखडे दिसतात. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकले तर तिथे सुईही टक् करणार. कव्हर एका चित्रपटाचे आणि आत तबकडी दुसऱ्याच, हा प्रकारही जागच्या जागी कळतो. आणि मुख्य म्हणजे, जे शोधायला आपण गेलोच नव्हतो, ते हाती लागते.

तरीही, दुकानाचे गोडवे गाणारी मंडळी बहुतेक दुकानाजवळ राहणारी असतात. खेड्यातल्या माणसाला इंटरनेटने पहिल्यांदाच त्यांच्या बरोबरीला आणून बसवले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मराठी नाट्यपदे तबकडीवर गायिली. ती मूळ तबकडी आज तीर्थपुरीतल्या ओट्यावर बसून शोधता येते. तबकडीच्या मधल्या कागदाभोवती जी मोकळी जागा असते, तिथे कोरलेल्या क्रमांकावरून ती कोणत्या छपाईची, हेही ताडून पाहता येते. दुकानदाराच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नाही.

मात्र तिथली भाषा आधी शिकून घ्यावी लागते. तबकडीची अवस्था सांगायला विक्रेते ठरावीक इंग्रजी शेरे वापरतात. ‘मिंट’ म्हणजे कोरी करकरीत. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे वापरलेली, पण जपलेली. आणि नुसते ‘गुड’ म्हणजे? चांगली खरवडलेली! शाळेतल्या प्रगतिपुस्तकावरचा ‘गुड’ वेगळा आणि हा वेगळा. म्हणून फोटो तिरप्या उजेडातला मागवावा आणि तबकडी वाजवून पाहिली आहे का, हे स्पष्ट विचारावे. जुनी 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची असते, ती पडली की फुटलीच. तिला सुईही जाड लागते. लाँगप्लेची बारीक सुई तिच्यावर टेकवू नये. नंतरची तबकडी विनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची. ती फुटत नाही, पण उन्हाने वाकते. एकदा मी ऐन मे महिन्यात एक लाँगप्ले मागवला. पार्सल दोन दिवस कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले असावे. उघडले तेव्हा तबकडीला पापडासारखी लाट आली होती. तेव्हापासून मराठवाड्यातल्या मित्रांना सांगतो, तबकडी मागवायची तर दिवाळीनंतर मागवा.

आता या वादातली एक खरी गोष्ट सांगतो. 1977 साली अमेरिकेची व्हॉयेजर याने अंतराळात निघाली. पृथ्वीची ओळख म्हणून प्रत्येक यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी पाठवायची होती. तिच्यासाठी आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी निवडली गेली. पण तिची तबकडी बाजारात मिळेना. तिची छपाई केव्हाच थांबली होती. निवड समितीतल्या अॅन ड्रुयन शोधत शोधत न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात पोहोचल्या. दुकान घरगुती उपकरणांचे. तिथे मागच्या बाजूला, पत्ते खेळायच्या टेबलाखाली, एका खोक्यात त्या तबकडीच्या तीन न उघडलेल्या प्रती होत्या. या बाईंना तिन्ही कशाला हव्यात, याचे दुकानदारांना मोठे कुतूहल वाटले. त्या तबकडीतला सूर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. याने निघाली त्याच वर्षी, सप्टेंबरात, केसरबाई गेल्या.

आज ती तबकडी शोधायला कदाचित पाच मिनिटे लागतील. पण ते खोके कुणी टेबलाखाली राहू दिले नसते, तर पाच मिनिटांत काय सापडले असते? इंटरनेट शोधून देते, पण आधी कुणीतरी वस्तू सांभाळलेली असावी लागते. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ यांचा आवाज तबकडीवर आलाच नाही. एवढा मोठा गवई, पण त्यांचे गाणे आपण शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकतो. जे मुद्रितच झाले नाही, त्याला इलाज नाही. जे मुद्रित झाले आणि माळ्यावर पडून आहे, त्याला मात्र आहे.

आणि खेड्यातल्या माणसाचा भाग इथे सुरू होतो. कॅसेट आली तशा लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. काही पत्र्याखाली उन्हाने वाकल्या, काही भंगारात किलोवर गेल्या. आता जुन्या तबकड्यांना भाव आहे असे कळल्यावर भंगारवाला दारात येऊन विचारतो. घरातले लोक जागा मोकळी झाली म्हणून खूश होतात. तबकडी शहरात जाते, तिचा फोटो निघतो, शेरा लागतो, किंमत चढते. विकणाऱ्याच्या दृष्टीने बॉलपेनने लिहिलेली गावांची नावे म्हणजे कव्हर खराब. त्याबद्दल तो किंमत उतरवतो. आमच्या दृष्टीने मात्र तबकडीतले गाणे दुसऱ्या शंभर प्रतींवर असेल, पण ती गावांची यादी त्या एकाच कव्हरावर आहे.

विकू नका, असे मी म्हणणार नाही. गरज असते, जागा नसते. पण पेटी देण्याआधी एक संध्याकाळ काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. कोणती तबकडी कधी आणली, कुणाच्या लग्नात वाजली, ते वहीत उतरवा आणि कव्हरांचे फोटो काढून ठेवा. ठेवणार असाल तर तबकड्या उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या; एकावर एक रचू नका, आणि पत्र्यापासून दूर ठेवा. विकत घेणाऱ्यांनाही सांगणे आहे. दुकानातून घ्या की मोबाईलवरून, विक्रेत्याला एवढे जरूर विचारा, ही तबकडी कोणत्या गावातून आली? दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. पण असे विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तर पुढच्या वेळी पेटी उचलताना विक्रेताही घरच्यांना दोन गोष्टी विचारून घेईल.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर उन्हाळा तापायच्या आत ती खाली काढा.