पट्टा चुकतोय की खरंच धडधडतंय?

आज बोलायचंय छातीवर बांधायच्या हार्ट रेटच्या पट्ट्याबद्दल. तोच तो, पळताना टीशर्टच्या आत बांधतात आणि जो फोनला ठोक्यांचा आकडा पाठवत राहतो. तुमच्याकडे असेल तर कधी ना कधी तो वेड्यासारखा वागलाच असेल. नसेल तरी ऐका, कारण माझी गोष्ट पट्ट्यापाशी थांबली नाही.

माझा पट्टा मी दोन वर्षांपूर्वी घेतला, पळण्यासाठी. पळणं तीन महिन्यांत सुटलं. कसं सुटतं ते तुम्हाला माहितीये. मग बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि चालताना ठोके ११० च्या वर जाऊ देऊ नका म्हणाले. ही मर्यादा बाबांची, प्रत्येकाची वेगळी असते, तेव्हा माझ्याकडून उचलू नका. तर ड्रॉवरमधला पट्टा बाहेर निघाला. बाबा निवृत्त गणित शिक्षक. आकडा बघायला मिळणार म्हटल्यावर स्वारी खूश.

नाशिक, डिसेंबर, सकाळचे साडेसहा, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. तिसऱ्याच मिनिटाला फोनवर १७६. बाबा निवांत चालतायत, भाजीच्या भावावर माझ्याशी बोलतायत, आणि आकडा १७६. बाबांचं वय ६३. २२० वजा वय हे ढोबळ सूत्र धरलं तर जास्तीत जास्त १५७ यायला हवेत. बाबा म्हणाले, "सूत्राप्रमाणे मी आत्ता असायलाच नको."

मी त्यांना बाकावर बसवलं, मनगटाला बोटं लावली आणि घड्याळ लावून ३० सेकंद मोजले. ४८ भरले. दुप्पट केले, ९६. म्हणजे बाबा ठीक, पट्टा खोटा. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोक्यातला इंजिनिअर जागा झाला: बग सापडलाय!

आता हा पट्टा काम कसं करतो ते थोडक्यात. हृदय प्रत्येक ठोक्याला एक विजेचा झटका तयार करतं. तो त्वचेपर्यंत येईतो साधारण एक मिलिव्होल्ट उरतो, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत पट्ट्या असतात, त्या हा झटका पकडतात. ईसीजीचंच तत्त्व. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८२ मध्ये असा बिनतारी मॉनिटर बाजारात आणला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. एवढासा सिग्नल पकडायचा म्हटल्यावर मध्ये जरा काही आलं की गोंधळ होणारच.

पहिली चूक मी केली ती अशी, की सगळं एकदम बदललं. नवा सेल, पट्टा धुतला, घट्ट केला, ॲप काढून परत टाकलं. दुसऱ्या दिवशी थोडं बरं, तिसऱ्या दिवशी परत १६८. नक्की कशानं बरं झालं होतं, काही कळायला मार्ग नाही. ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरानं असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

मग शिस्तीत बसलो. सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवायची असते: आकडा गायब होतोय की आकडा चुकीचा येतोय? हे दोन वेगळे आजार आहेत. गायब होत असेल तर बहुतेक वेळा ब्लूटूथ किंवा सेल. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे फोन पँटच्या मागच्या खिशात असला की सिग्नल तुटतो. किंवा घरातला जुना फोन आधीच पट्ट्याला जोडून बसलेला असतो. काही पट्टे एका वेळी एकाच फोनशी बोलतात, नवा बिचारा दारात उभा. आमचा आकडा मात्र कधीच गायब होत नव्हता. ठामपणे चुकीचा येत होता. म्हणजे दोष फोनकडे नाही, छाती आणि पट्टा यांच्या मध्ये.

आणि तिथे उत्तर अगदी साधं निघालं. कोरडी कातडी. मी पळायचो तेव्हा पहिली दहा मिनिटं आकडे विचित्र यायचे, मग आपोआप सरळ व्हायचे, कारण घाम आला की संपर्क नीट होतो. बाबा नाशिकच्या थंडीत चालत होते. त्यांना घाम येतच नव्हता! त्यामुळे माझ्यासाठी दहा मिनिटांचा असलेला बग त्यांच्यासाठी पूर्ण वेळचा झाला. बांधायच्या आधी आतल्या दोन्ही पट्ट्यांना नळाचं पाणी लावलं आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

उरलेला निम्मा बाबांच्या विंडचीटरमध्ये होता. कोरड्या हवेत पॉलिएस्टरचं सैल कापड अंगावर फडफडतं तेव्हा स्थिर वीज तयार होते. अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तीच. पट्ट्याला ती ठोका वाटते. कसं कळलं? एक दिवस विंडचीटर, दुसऱ्या दिवशी सुती सदऱ्यावर लोकरी जाकीट, बाकी सगळं तेच. दुसऱ्या दिवशीचा आलेख सरळ. आई म्हणाली, "लोकरीचंच घाला म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." तिचं कारण सर्दी होतं, पण निदान बरोबर.

दोन सवयी मात्र माझ्याच वाईट होत्या. एक, वापरून झाल्यावर ते गोल बटणांनी लागणारं यंत्र मी पट्ट्यालाच लावून ठेवायचो. पट्टा ओला असतो, त्याला वाटतं अजून छातीवरच आहोत, आणि सेल उगाच संपत राहतो. शिवाय घामाच्या मिठानं बटणांवर हिरवट थर चढतो. दोन, मी पट्टा कपड्यांसोबत मशीनमध्ये फॅब्रिक कंडिशनर घालून धुवायचो. त्याचा थर पट्ट्यांवर बसतो. यंत्र काढून ठेवा, पट्टा साध्या साबणाच्या पाण्यात हातानं धुवा आणि सावलीत वाळवा. बस.

जानेवारीभर आकडे एकदम शहाणे. बाबांनी वहीत तक्ता केला होता, तारीख, मिनिटं, सरासरी. मी विषय बंद केला.

फेब्रुवारीत एका सकाळी मी कॉलवर होतो. बाबा फिरून आले आणि दारातूनच म्हणाले, "पट्टा परत वेडा झालाय रे. १२८, ९७, १४१, काहीही दाखवतोय. बाकावर बसलो तरी तेच." मी माईक म्यूट करून विचारलं, "पाणी लावलं होतं का?" "लावलं होतं." "मग सेल संपला असेल, आणतो संध्याकाळी." संध्याकाळी विसरलो. दुसऱ्या दिवशी तेच. सेल बदलला. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबा म्हणाले, "जरा थकल्यासारखंही होतंय." मी म्हणालो, "रात्री झोप झाली नसेल." हे वाक्य मी नंतर खूप वेळा आठवलंय.

तिसऱ्या रात्री मी पट्ट्याचा कच्चा डेटा उघडला, तोही पट्ट्याला दोषी ठरवायलाच. बरेच पट्टे नुसता आकडा पाठवत नाहीत, दोन ठोक्यांमधलं अंतरही पाठवतात, सेकंदाचा १०२४ वा भाग एवढ्या बारीक मापात. मी ते मिलिसेकंदात करून घेतलं. डिसेंबरचा खोटा डेटा माझ्याकडे होता. त्यात खोटेपणाची एक पद्धत दिसायची. ठोका हुकला की ८०० च्या जागी बरोबर १६००. खोटा ठोका घुसला की ८०० चे दोन तुकडे, ३०० आणि ५००, बेरीज पुन्हा ८००. म्हणजे खाली खरा ठेका शाबूत होता, वर कचरा पडला होता.

फेब्रुवारीच्या डेटात ठेकाच नव्हता. ४६०, ७१०, ५२०, ८४०, ४९०. काही जुळेना, कशाची बेरीज कशाला लागेना. मी उठलो, बाबांच्या खोलीत गेलो. ते जागेच होते. मनगटाला बोटं लावली. पट्टा खुंटीवर टांगलेला होता आणि बोटांखाली नाडी तशीच अडखळत होती, दोन पटापट, एक उशिरा, मग तीन पटापट.

बाबांना विचारलं, छातीत दुखतंय का, दम लागतोय का, चक्कर? नाही म्हणाले. तरी सकाळची वाट बघितली नाही, तसेच दवाखान्यात गेलो. ईसीजी काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. बाबांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. मी डॉक्टरांना मोबाइलवरचा आलेख दाखवायला लागलो, तर ते म्हणाले, "यावरून मी निदान करत नाही. पण आलात ते बरं केलंत. कधीपासून होतंय हे?"

तीन दिवस, असं बाबांनी सांगितलं. मी गप्प होतो.

पट्टा आम्ही टाकला नाही. बाबा अजून वापरतात, पाणी लावून, लोकरीचं जाकीट घालून. फक्त आता आकडा विचित्र आला की ते आधी बाकावर बसतात, हातातल्या जुन्या एचएमटीकडे बघत मनगटाला बोटं लावून पूर्ण एक मिनिट मोजतात. ३० सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, कारण ठेका अनियमित असेल तर तो हिशोब फसतो. हे त्यांनीच मला समजावलं, गणिताच्या तासाला समजावतात तसं. नाडी सरळ आणि आकडा वेडा असेल तर मला फोन. नाडीच वेडी असेल तर डॉक्टरांना फोन. आणि छातीत दुखणं, दम, चक्कर यातलं काही असेल तर मोजत बसायचंच नाही, थेट दवाखाना.

वहीतल्या तक्त्यात आता एक नवा रकाना आहे, 'बोटांनी'. त्या तीन दिवसांपुढे तो रिकामा आहे. मी म्हटलं, तिथे रेघ तरी मारा. म्हणाले, राहू दे.

चला, आज एवढंच. भेटू पुढच्या भागात.