साठ मतांचा उंबरठा

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधिमंडळात, 435 सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि प्रत्येक राज्यातून दोन याप्रमाणे 100 सदस्यांचे सिनेट अशी दोन सभागृहे असून, दोन्हींकडून एकाच स्वरूपात संमत झाल्यावाचून विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी जात नाही. प्रतिनिधिगृहात चर्चेचा वेळ आखून दिलेला असतो. सिनेटमध्ये मात्र सदस्याला बोलण्यापासून सहसा रोखता येत नाही आणि या मुभेच्या आधारे विधेयक रेंगाळत ठेवण्याच्या डावपेचाला ‘फिलिबस्टर’ म्हणतात. त्यावर तोडगा म्हणून 1917 मध्ये ‘क्लोचर’, म्हणजे विशेष बहुमताने चर्चा आटोपती घेण्याचा नियम, आला; आरंभीची दोनतृतीयांशांची अट 1975 मध्ये तीनपंचमांशांवर, म्हणजे 60 मतांवर, आणली गेली.

1964 चे नागरी हक्क विधेयक दक्षिणेकडील सदस्यांनी असेच अडवून धरले होते. 10 जून रोजी 71 विरुद्ध 29 मतांनी ती चर्चा थांबली, तेव्हा मेंदूतील गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणण्यात आले आणि त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून होकार नोंदवला.

आज असे प्रसंग विरळाच. 41 जणांचा विरोध विधेयक अडवण्यास पुरेसा आहे हे जाणून नेते कलमे आधीच सौम्य करतात, आणि धोरणाला खरा आकार बहुधा त्या बंद दाराआडच्या वाटाघाटींतच मिळतो. अपवाद ‘रिकन्सिलिएशन’चा: 1974 च्या अर्थसंकल्प कायद्यातील या वाटेने कर व खर्चाची विधेयके साध्या बहुमताने पुढे जातात, म्हणूनच 2017 ची करकपात सिनेटमध्ये 51 विरुद्ध 48 मतांनी संमत होऊ शकली.